फरशीखालची भुई

खानदेशातल्या एका जुन्या घराचे माजघर उकरले, तेव्हा फरशीखालून काय काय निघाले, त्याची ही हकीकत.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी जळगावच्या एका शाळेत तीस वर्षे मुलांना उत्खनन शिकवले. फळ्यावर आडव्या रेघा मारायच्या, सर्वांत वरचा थर अलीकडचा आणि सर्वांत खालचा जुना हे समजावून सांगायचे आणि परीक्षेला त्यावर दोन गुणांचा प्रश्न टाकायचा, असा तो परिपाठ होता. प्रत्यक्षात उकरलेल्या जमिनीचे थर मी हातभर अंतरावरून पाहिले ते निवृत्तीच्या तोंडावर, आणि तेही आमच्या स्वतःच्या घरात. खड्डा होता माजघराच्या मधोमध, चार फूट लांब आणि तितकाच रुंद. तो खणण्याची वेळ का आली, ही गोष्ट तशी घरगुती आहे. पण खानदेशातल्या कितीतरी घरांत ती थोड्याफार फरकाने घडते, म्हणून सांगावीशी वाटते.

आमचे मूळ घर धुळे जिल्ह्यात, पांझरेकाठच्या एका गावात. घर धाब्याचे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या नि काटक्या आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा जाड थर. भिंती मातीच्या, हात-दीड हात रुंद. उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळीस अंशांवर गेला तरी माजघरात दुपारी डोळा लागायचा. या माजघरात १९७४ मध्ये शहाबादी फरशी बसली. ती कधीच सपाट नव्हती. आम्ही भावंडे गोट्या खेळायचो तेव्हा गोटी कुठूनही सोडली, तरी ती घरंगळत देव्हाऱ्यासमोरच्या एकाच फरशीपाशी येऊन थांबायची. देवाजवळ जाते, असे आम्ही म्हणायचो. आईच्या पलंगाच्या एका पायाखाली लाकडाची चकती असायची. चकती झिजली की नवी यायची. जमीन अशी का, हे कुणी विचारले नाही.

काही वर्षांपूर्वी मुलाचे लग्न ठरले आणि घराला नवे रूप द्यायचे मनात आले. शहरातल्या एका ठेकेदाराला काम दिले. त्याने जमिनीकडे एक नजर टाकली आणि सांगितले, ‘जुनी फरशी उकरायची कटकट नको. तिच्यावरच टाइल्स बसवून देतो. तीन दिवसांचे काम.’ खर्च कमी, धूळ कमी, वेळ कमी. मी मान डोलावली. जिथे जमीन खोल होती तिथे त्याच्या माणसांनी सिमेंटच्या गाऱ्याचे पाच-पाच गोळे ठेवले, वर टाइल दाबली आणि लाकडी हातोडीने ठोकून इतर टाइल्सच्या बरोबरीला आणली. वरून पाहणाऱ्याला जमीन आरशासारखी दिसत होती. आईच्या पलंगाखालची चकती निघाली. लग्नात सगळ्यांनी कौतुक केले.

दुसऱ्या उन्हाळ्यात एके दुपारी माजघरात फटाका फुटावा तसा आवाज झाला. देव्हाऱ्यासमोरच्या दोन टाइल्स एकमेकींना रेटून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्या आम्ही तात्पुरत्या दाबून ठेवल्या आणि माणूस बोलावतो, बोलावतो म्हणत महिना घालवला. त्या महिन्यात पहाटे देवाला दिवा लावायला उठलेल्या आईचा पाय त्या कडेला अडकला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते. ठेकेदार पुन्हा आला नाही. पण दोष सगळा त्याच्यावर ढकलून मला मोकळे होता येत नाही. घर माझे होते आणि ‘उकरायची कटकट नको’ या शब्दांवर खूश झालेला माणूसही मीच होतो.

मग आम्ही गावातल्याच एका वृद्ध मिस्तरींना बोलावले. ते आले, चपला ओसरीत काढल्या, आधी आईजवळ बसून ‘माय, कसं काय’ विचारले. नंतर त्यांनी खिशातून बंदा रुपया काढला आणि एकेक टाइल वाजवत खोलीभर गुडघ्यांवर फिरले. घट्ट बसलेली टाइल टणक बोलते, पोकळीवरची भद्द वाजते. खोलीतल्या जवळपास निम्म्या टाइल्स भद्द वाजल्या. मिस्तरी उठले, कंबरेवर हात ठेवून म्हणाले, ‘सर, फरशीला काही झालेलं नाही. दुखणं भुईला आहे. ते पाहिल्याशिवाय वरून कितीही शेला पांघरला तरी उपयोग नाही.’

जमिनीची पातळी पाहायला त्यांनी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी काढली. नळीचे एक टोक एका कोपऱ्यात धरायचे, दुसरे समोरच्या कोपऱ्यात. दोन्हीकडचे पाणी जिथे ठरते तिथे भिंतीवर खूण करायची. चारही भिंतींवर अशी एकाच पातळीची रेघ आखली की त्या रेघेपासून खाली जमिनीपर्यंतचे माप ठिकठिकाणी घ्यायचे. माप जिथे जास्त, तिथे जमीन खोल. माप जिथे कमी, तिथे उंचवटा. टाइल्स काढल्यावर जुन्या फरशीचे माप घेतले, तेव्हा दारापाशी आणि देव्हाऱ्यासमोर चांगला अडीच इंचांचा फरक निघाला.

नळीतले ते स्थिर पाणी पाहताना मला पाटणादेवी आठवली. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इसवी सन १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव व हेमाडीदेव या बंधूंनी त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यात शंकूच्या सावलीवरून दिशा काढायची रीत सांगताना त्यांनी पहिली अट घातली आहे ती जमीन पाण्याने नीट समतल करून घेण्याची. जमीन कलती असेल तर सावली खोटे बोलते, सावली खोटी तर दिशा खोटी आणि पुढचे सगळे गणित खोटे. आठशे वर्षांपूर्वी चाळीसगावच्या डोंगरात हे ग्रंथ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जे पहिले काम करावे लागत असेल, तेच आमचे मिस्तरी प्लास्टिकच्या नळीने करत होते.

पाण्याची पातळी ही खानदेशच्या शेतकऱ्यालाही नवी नाही. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवरची फड पद्धत सर्वांना ठाऊक आहे. नदीवर बंधारा घालायचा, काठाने पाट काढायचा आणि निव्वळ उताराच्या जोरावर पाणी गावाच्या शेतांत, म्हणजे फडांत फिरवायचे. पाटाचा ढाळ जास्त झाला तर माती वाहून जाते, कमी झाला तर गाळ साचतो. हा ढाळ आमच्या पूर्वजांनी कोणत्याही दुर्बिणीशिवाय साधला. पुढे १८८४ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण सहायक अभियंता म्हणून मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात दाखल झाला, तेव्हा त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होते ते धुळे भागात पांझरेच्या पाटावर सायफन बांधण्याचे. ज्या मुलखाने पाण्याला मैलोन् मैल अलगद चालवले, त्या मुलखातल्या माझ्या घरात एक गोटी सरळ राहत नव्हती!

असो. आता खड्ड्याकडे येऊ.

वरच्या टाइल्स निघाल्या त्या सहज. खाली गाऱ्याचे गोळे होते आणि गोळ्यांच्या मधे नुसती हवा. टाइलच्या पाठीला गारा जवळजवळ चिकटलेलाच नव्हता. याचेही कारण आहे. व्हिट्रिफाइड टाइल काचेसारखी घट्ट असते आणि पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी ती शोषते. जुनी फरशी किंवा वीट ओल पिऊन गाऱ्याला धरते, तशी ही धरत नाही. तिला खाली सर्वत्र भरीव आधार लागतो आणि चिकटवायला वेगळा मसाला लागतो. शिवाय आमच्या टाइल्स एकमेकींना खेटून बसवलेल्या होत्या. खानदेशच्या उन्हात टाइल थोडी का होईना पसरते. तिला पसरायला फट ठेवली नाही आणि खालून धरून ठेवणारे काही नसले, तर ती वरच उठणार. शेजारच्या गुजरातेत मोरबीला या टाइल्सचे मोठे कारखाने उभे राहिले आणि गेल्या काही दशकांत त्या आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. टाइल आली; ती कशावर बसवायची हे ज्ञान मात्र ट्रकमधून आले नाही.

दुसरा थर शहाबादी फरशीचा. शहाबाद हे कर्नाटकातले, पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातले गाव. भीमेच्या खोऱ्यातला तिथला चुनखडीचा दगड पोळीचे पदर सुटावेत तसा थराथरांनी सुटतो. १८७१ मध्ये मुंबईहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि वाटेवरच्या शहाबादचा हा दगड लांबवर जाऊ लागला. खानदेशात मुख्य लोहमार्ग १८६० च्या दशकात आला होता, चाळीसगाव-धुळे फाटा १९०० मध्ये सुरू झाला. रेल्वेच्या वाटेने फरशी आधी स्थानकांत, कचेऱ्यांत आणि गिरण्यांत आली, मग सावकारांच्या वाड्यांत आणि बऱ्याच वर्षांनी आमच्यासारख्यांच्या माजघरांत. मधल्या काळात नक्षीच्या सिमेंट टाइल्सही आल्या. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी मुंबईत स्वदेशीच्या प्रेरणेने अशा टाइल्सचा कारखाना काढला होता. गालिचा पसरल्यासारखी ती नक्षी धुळ्याच्या काही जुन्या दिवाणखान्यांत मी पाहिली आहे. पण शेतकरी घरात ती ऐपतीबाहेरचीच होती.

शहाबादी फरशी वरून गुळगुळीत केलेली असली तरी पाठीने ओबडधोबड. एक लाद बोटभर जाड, तर दुसरी दीड बोट. त्यामुळे तिच्याखाली गाऱ्याचा जाड बिछाना घालणे भागच असते. तो बिछाना कुठे एक इंच, कुठे तीन इंच ठेवून मिस्तरी लाद बसवतो आणि जमिनीचा उंचसखलपणा आपोआप त्यात जिरून जातो. जुनी फरशी जमिनीची चूक पोटात घालायची. नवी पातळ टाइल तीच चूक चारचौघांत मांडते. हा फरक ध्यानात न घेता जुन्या सवयीने नवे काम केले जाते, आणि घोटाळा तिथेच होतो.

आमच्या फरशीखाली मात्र सिमेंट नव्हते. होता तो माती आणि थोडा चुना यांचा मऊ थर. बोटाने टोकरला तर भुगा व्हायचा. मला वाटले, वडिलांनी पैसे वाचवले. आई कॉटवरून म्हणाली, ‘सिमेंट भेटतच नव्हतं.’ ते खरेच होते. त्या काळी सिमेंटच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते. घर बांधायचे तर परमिट काढायचे, गोण्यांसाठी खेटे घालायचे, नाहीतर काळ्या बाजाराची वाट धरायची. आजच्या मुलांना हे सांगितले तर खरे वाटत नाही. पण याच सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्रात इतके काहूर उठले की जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण सैल झाले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. १९७४ मध्ये आत्याच्या लग्नाआधी वडिलांच्या हाती ज्या चार-दोन गोण्या लागल्या, त्या फक्त फरशीच्या सांध्यांत गेल्या. खालचा बिछाना मातीवरच भागवला. म्हणजे आमच्या माजघराच्या फरशीखाली देशाचे आर्थिक धोरण दोन इंच जाडीने पसरलेले होते.

त्याखालचा थर पाहून मिस्तरींनी कुदळ बाजूला ठेवली आणि फावड्याच्या कडेने तो हळू कापला. पुस्तकाची पाने दिसावीत तसे पातळ, करडे-तपकिरी पापुद्रे एकावर एक. हे सारवण. आठवड्याला, सणावाराला, बाळंतपणाला, पाहुणे गेल्यावर घरातल्या बायकांनी शेण-मातीने सारवलेली भुई. ते पापुद्रे मी मोजायला बसलो आणि साठाच्या पुढे नाद सोडला.

सारवणाकडे आपण स्वच्छता किंवा संस्कार म्हणून पाहतो. ती जमिनीची डागडुजीही होती. भुई घालायची म्हणजे आधी चिकण माती कुजवून पसरायची, पाणी मारून धुमसाने ठोकायची, मग चोपण्याने चोपून काढायची. तरीही मातीची भुई जिवंत असते. कुठे पायांनी झिजते, कुठे उखळापाशी खचते, कुठे उंदीर पोखरतो. सारवणारी बाई बसून मागे सरकत जाते, तेव्हा तिचा तळहात जमिनीवरून फिरत असतो. खोलगट जागी शेणकाला आपोआप जास्त पडतो, उंचवट्यावर कमी. आठवड्याला केसभर याप्रमाणे ती जमीन सपाट करत राहते. फरशी आली तेव्हा आईच्या गुडघ्यांची या कामातून सुटका झाली आणि तिला आनंदच झाला, हे तिने मला अनेकदा सांगितले आहे. सारवणाची महती गाणाऱ्यांनी एकदा तीन खणांचे माजघर सारवून पाहावे! पण त्याबरोबर एक गोष्ट संपली. जमिनीवरून रोज फिरणारा हात थांबला, आणि जमीन कुठे दगा देते हे जाणणारे घरात कुणी आहे, याचाही आम्हाला विसर पडला.

सारवणाखाली पांढरी लागली. गाव पांढरीत आणि शेत काळीत, ही आपल्याकडची जुनी वाटणी. कापसाची काळी जमीन पिकाला सोन्यासारखी, पण घराला वैरीण. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर टाकलेली जमीन दरवर्षी वरखाली होते. म्हणून वस्ती पांढरीवर. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांनी बनलेली ही पांढरट टेकाडे पुरातत्त्वज्ञांनाही वाट दाखवतात. तापीकाठी प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी, गिरणाकाठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात उत्खनने केली. नंतर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी साक्री तालुक्यात कावठे येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती शोधली, तेव्हा जमिनीत खड्डा खणून त्यात केलेली घरे सापडली. अशा उत्खननांत भांड्यांइतकेच लक्ष असते ते चोपलेल्या जमिनींवर. एक जमीन खराब झाली की तिच्यावरच दुसरी घातलेली दिसते. म्हणजे खालची जमीन न उकरता वर नवी घालण्याचा मोह आपला आजचा नाही!

आमची पांढरी कडक होती. कुदळ आपटली की हाताला झिणझिण्या येत. पण देव्हाऱ्यासमोर कुदळ एकदम आत गेली. माती भुसभुशीत, तिच्यात विटांचे तुकडे, दगड, खापऱ्या, कोळसे. मिस्तरींनी भोवतालची माती साफ केली, तसा दोन-सव्वादोन फुटांचा एक गोल उमटला. मी ‘विहीर असेल’ म्हणालो. पलंगावरून आई शांतपणे म्हणाली, ‘तठे पेव व्हतं रे भाऊ. माले इचारं का कोनी?’

पेव म्हणजे धान्य साठवायचे तळघरच म्हणा. तोंड अरुंद, पोट मोठे. आतून लिंपून, जाळ करून भाजून घ्यायचे, तळाला आणि कडेला कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड बंद करून वर सारवायचे. वर्षभराची दादर तिथे राहायची. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला आठवतो तो शाळेतल्या सुकडीचा वास आणि अमेरिकेहून आलेल्या मिलोची लाल भाकरी. आईला आठवतात रोजगाराच्या कामावरच्या खडीच्या पाट्या. त्या वर्षी पेव तळापर्यंत खरवडले गेले. पुढल्या वर्षी भरायला काही नव्हते. रिकाम्या पेवात पोर पडेल या भीतीने आजोबांनी ते बुजवून टाकले. घरात धड अन्न नव्हते, अंगात ताकद नव्हती. दगड-विटा, चुलीतली राख, अंगणातली माती, मिळेल ते लोटले आणि तोंडावर चार पाट्या पांढरी टाकून वर सारवले. धुमस कुणी चालवला नाही. वर्ष-दोन वर्षांत आत्याच्या लग्नाची फरशी त्यावर बसली आणि पेव फरशीखाली दडले. पुढची पन्नास वर्षे ते केसाकेसाने खचत राहिले. आमची गोटी दरवेळी त्या दुष्काळाच्या तोंडाशी जाऊन थांबत होती.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त घराची जमीन पारखण्याची एक सोपी परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवला तर यात व्यवहार आहे. दाबून बसलेल्या जमिनीची माती मोकळी झाली की जास्त भरते, म्हणून उरते. भुसभुशीत जमिनीची कमी पडते. पेव बुजवताना आजोबांना ही परीक्षा ठाऊक असो वा नसो, कमी पडलेल्या मातीवर फरशी टिकत नाही, हे मात्र आम्हाला आईच्या खुब्याने शिकवले.

पुढचे काम मिस्तरींनी घाई न करता केले. पेवातली भुसभुशीत भर कडक माती लागेपर्यंत काढली. मग मुरूम टाकला, पण एकदम नव्हे. वीतभर थर, त्यावर पाणी, त्यावर धुमस, पुन्हा थर. असे करत तोंडापर्यंत आले. आठ दिवस तसेच राहू दिले आणि पाणी सोडून पुन्हा पाहिले. जिथे बसले तिथे परत भरले. मग साऱ्या खोलीत दगडांचे सोलिंग आणि त्यावर काँक्रीट. भिंतीवरच्या रेघेवरून माप घेऊन ठिकठिकाणी पातळीचे ठोकळे बसवले आणि लांब पट्टी त्यांच्यावरून ओढून पृष्ठभाग सारखा केला. हा कोबा आठवडाभर भिजवला. पट्टी कुठूनही फिरवली तरी खाली नाणे सरकणार नाही, अशी खात्री झाल्यावरच टाइल आली. या वेळी खरखरीत पाठीची नव्हे, खरखरीत तोंडाची. आईचा वॉकर घसरू नये म्हणून. टाइलखाली चिकटवणीचा मसाला सगळीकडे सारखा, दोन टाइल्समध्ये फट आणि भिंतीलगतही थोडी मोकळी जागा. शेवटी पुन्हा तो बंदा रुपया. सगळी खोली एका आवाजात बोलली. तीन दिवसांचे काम महिन्याचे झाले आणि खर्च पहिल्यापेक्षा दुपटीहून अधिक आला. पहिल्याच वेळी केले असते तर दोन्ही कमी लागले असते, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे आटोपून मी जळगावला परतलो. तेव्हा आमच्या कॉलनीतल्या घरांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशचे मुख्य ठाणे केले आणि सरळ रस्त्यांच्या पेठा आखल्या, त्यालाही आता दोनशे वर्षे झाली. तेव्हापासून धुळे आणि जळगाव पसरतच आहेत, आणि गेल्या काही दशकांत ती पांढरी ओलांडून पार काळीत शिरली आहेत. काल जिथे कापूस आणि केळी होती, तिथे आज प्लॉट पडले आहेत. त्या घरांच्या जमिनी दर पावसाळ्यानंतर कुठेतरी तडकतात, दारे उंबऱ्याला घासतात आणि लोक टाइल्सच्या कंपनीला बोल लावतात. काळी माती काढून तिच्या जागी मुरूम भरला होता का, भर थराथरांनी ठोकली होती का, हे घर घेताना विचारणारा क्वचितच भेटतो. टाइलचा रंग मात्र चार दुकाने फिरून ठरवलेला असतो.

तेव्हा नवी फरशी घालणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच, की आधी खोलीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जाते ते पाहा. मग घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारा, की इथे पूर्वी काय होते. उखळ कुठे होते, चूल कुठे होती, न्हाणी कुठे होती, पेव कुठे होते. नळी आणि पट्टी जमीन किती खोल आहे ते सांगतील. का खोल आहे, ते तिला ठाऊक असते. मी तीस वर्षे मुलांना साधने शिकवली, ताम्रपट, शिलालेख, नाणी, मौखिक परंपरा. त्यातले शेवटचे साधन माझ्याच घरात पलंगावर बसलेले होते आणि मी ठेकेदाराशी बोलत होतो.

पेवातून एक फुटक्या जात्याची तळी निघाली होती. आईने ती लगेच ओळखली. सासूबाईंचे जाते, म्हणाली. दुष्काळात दळायला काही नव्हते, त्याच वर्षी ते फुटले आणि भरीत गेले. काढलेल्या शहाबादी फरश्या आम्ही अंगणात अंथरल्या आणि त्यांच्या कडेला, तुळशीपाशी, ती तळी बसवली. संध्याकाळी आई वॉकर घेऊन तिथवर जाते आणि तिच्यावर दिवा ठेवते. परत येताना माजघरात देव्हाऱ्यासमोर ती क्षणभर थांबते आणि पायाने जमीन चाचपून पाहते. अजून तिचा विश्वास पुरता बसलेला नाही. बसेल, असे मिस्तरी म्हणतात. दोन पावसाळे जाऊ द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)